हात सोडला तर होडी कुठे जाते? जोडहोडीची डोलकाठी किती झुकवायची, समजून घ्या

भुशी (लोणावळा) : मावळ तालुक्याला पाण्याची कमी नाही. भुशी, वळवण, तुंगार्ली, शिरोटा, ठोकरवाडी, पवना अशी एकापाठोपाठ एक धरणं आहेत. भुशीच्या शेजारीच नौदलाचं आयएनएस शिवाजी हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र १९४५ पासून उभं आहे. तिकडे खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट जलाशयात शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. तरीही शिडाची होडी म्हटली की आपल्याकडे अजून 'ती कोकणातली गोष्ट' असंच समजलं जातं.

पवनेच्या काठावर पर्यटन वाढलंय. पाण्यावर रोजगार शोधणारी पोरंही वाढली आहेत. दोन हलांची शिडाची लहान होडी, म्हणजे कॅटमरान, हा त्यातला एक पर्याय. इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. पण ही होडी विकत घेऊन नुसती पाण्यात ढकलली म्हणजे झालं असं नाही. तिची डोलकाठी किती मागे झुकलेली आहे यावर ती माणसाच्या हातात राहणार की नाही हे ठरतं. घाटमाथ्याच्या वाऱ्यात तर हा जिवाचा प्रश्न होऊ शकतो.

म्हणून हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी होडीची ओळख

कॅटमरान हा शब्द मुळात तमिळ. 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेली लाकडं. ओंडके एकत्र बांधून केलेल्या मच्छीमारांच्या तराफ्याचं हे नाव युरोपीय लोकांनी उचललं आणि पुढे ते दोन हलांच्या होडीला चिकटलं. आपल्या कोकणात होडीला बाजूने आधार म्हणून उलांडी लावतात, तिचा हेतूही तोच. होडी रुंद करायची, म्हणजे ती सहज कलंडत नाही.

आजच्या लहान कॅटमरानमध्ये जगभर सर्वांत ओळखीची आहे होबी १६. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टर यांनी ती १९७० च्या सुमारास आणली. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी सुमारे २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास आणि डोलकाठी साधारण ८ मीटर. २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत या होडीची शर्यत होती. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत, म्हणजे २०२३ मध्ये, नाक्रा १७ ही जास्त वेगवान कॅटमरान होती. त्यात भारताकडून सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन उतरले होते. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून नाक्रा १७ आहे आणि तिच्यावर एक पुरुष, एक स्त्री अशी जोडी असते.

होडीचे भाग मोजकेच. दोन हल. मधे बसायला ताणलेलं कापड. उभी डोलकाठी. तिला पुढून एक तार आणि दोन्ही बाजूंनी एकेक तार. मागे मोठं शीड, पुढे लहान शीड. प्रत्येक हलाच्या मागे एक सुकाणू, आणि दोन्ही सुकाणू एकत्र फिरवायला हातात धरायचा दांडा, म्हणजे टिलर.

बैलगाडीचं गणित इथेही आहे

गाडीत माल भरताना जाणता माणूस काय बघतो? भार धुरेवर जास्त आला तर बैलांचे खांदे सोलतात. मागे जास्त झाला तर गाडी उलाळते. भार नेमका आसाच्या जरासा पुढे पाहिजे, म्हणजे जू बैलाच्या मानेवर टेकून राहतं पण दाबत नाही.

होडीत आसाच्या जागी पाण्याचा रोध असतो. वारा होडीला बाजूला ढकलतो, तेव्हा हल आणि सुकाणू पाण्यात आडवे राहून तिला धरून ठेवतात. हा सगळा रोध एका बिंदूवर एकवटलाय असं धरा. तसाच शिडावरचा वाऱ्याचा सगळा दाब दुसऱ्या एका बिंदूवर एकवटलाय असं धरा. आता तीन शक्यता उरतात.

शिडाचा बिंदू रोधाच्या मागे असेल, तर वारा होडीचा मागचा भाग ढकलतो. होडीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतं.

शिडाचा बिंदू पुढे असेल, तर वारा होडीचं तोंड ढकलतो. होडी वाऱ्याला पाठ दाखवून पळायला बघते.

दोन्ही बिंदू एका रेषेत असतील, तर होडी सरळ जाते आणि टिलर हाताला मेल्यासारखा लागतो.

डोलकाठी मागे झुकवली की शीड मागे सरकतं, आणि शिडाचा बिंदूही मागे जातो. पुढे उभी केली की पुढे येतो. एवढंच हे प्रकरण आहे. आकड्यात सांगायचं तर ८ मीटरची काठी एक अंश मागे झुकली की तिचं वरचं टोक सुमारे १४ सेंटीमीटर मागे जातं. दाबाचा बिंदू शिडाच्या खालच्या अर्ध्यात असतो, त्यामुळे तो ५-६ सेंटीमीटरच सरकतो. पण हाताला फरक कळायला तेवढं पुरतं.

इथे एक शंका येईल. कोकणातल्या जुन्या गलबतांच्या, मचव्यांच्या डोलकाठ्या तर पुढे झुकलेल्या असत! बरोबर आहे. त्यांचं तिरकं, मोठं शीड आडव्या लाकडाला टांगलेलं असे आणि त्याचा बराच भाग काठीच्या मागे पसरे. काठी पुढे झुकवली तरच दाब योग्य जागी येई. म्हणजे काठी पुढे की मागे हा नियम नाही. दाब कुठे पडतो, हे बघायचं.

हात सोडल्यावर होडी थांबली पाहिजे

तीन शक्यतांपैकी आपल्याला कोणती हवी? पहिली, आणि तीही थोडीशी.

कारण समजून घ्या. समजा झोत आला, माणूस घसरून पाण्यात पडला, टिलर मोकळा झाला. तोंड वाऱ्याकडे वळणारी होडी थोडी फिरते, शीड फडफडायला लागतं, वेग मरतो आणि ती जवळपास थांबते. पडलेल्या माणसाला पोहून गाठता येते. उलट स्वभावाची होडी वाऱ्याला पाठ करते, शीड भरतं आणि ती निघून जाते. कॅटमरान वजनाला हलकी. तिच्यामागे पोहून कोणी पोचत नाही. माणूस मधल्या पाण्यात आणि होडी पलीकडच्या काठाला.

ही होडी चांगला पोहणाऱ्यालाही दमवते. लोणावळ्याच्या पाण्याला गृहीत धरण्याची किंमत आपण पाहिली आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे होडीचा संबंध नव्हता. पण पाणी बघता बघता कसं बदलतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

मावळात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथला वारा सरळ नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढून वर येतो. पवनेच्या आजूबाजूला तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे डोंगर. डोंगराच्या आडोशाला वारा पडतो, खिंडीसमोर आलं की एकदम अंगावर येतो, आणि दिशाही बदलतो. समुद्रावर वारा वाढताना लांबून दिसतो. इथे पाण्यावर काळसर पट्टा सरकताना दिसला की काही सेकंदांत झोत होडीवर असतो. अशा जागी टिलर सोडल्यावर स्वतःहून थांबणारी होडी पाहिजे.

पण 'थोडीशी' हा शब्दही विसरू नका. वाऱ्याकडे वळायची ओढ फार झाली तर सुकाणू सतत आडवं धरावं लागतं. आडवं सुकाणू म्हणजे पाण्यात धरलेला ब्रेक. होडी मंद होते, अर्ध्या तासात खांदा भरून येतो, आणि जोराच्या झोतात टिलर हातातून सुटून होडी गर्रकन वळू शकते. जाणकार साधारण ३ ते ५ अंश सुकाणू वळवावं लागेल एवढी ओढ चांगली मानतात. दोन बोटांनी टिलर धरता यावा, आणि बोटांना तो हलकासा ओढत राहावा.

काठीला हात लावण्याआधी सुकाणू बघा

टिलर जड लागला की लोक लगेच काठीकडे वळतात. बऱ्याचदा दोष काठीत नसतोच.

या होड्यांची सुकाणूची पाती वर उचलली जाणारी असतात, म्हणजे तळ लागला तर मोडत नाहीत. आपल्या धरणांत तळ लागणं नेहमीचं. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. म्हणजे पाणी निम्मं असताना खाली काय काय असेल, विचार करा. जुने बांध, दगड, झाडांचे बुंधे. पात्याला ठोकर बसते, ते उचकतं, पुन्हा खाली येतं, पण पूर्ण खटका बसत नाही. पातं थोडं मागे तिरकं राहतं.

असं झालं की पाण्याचा दाब बिजागरीपासून लांब पडतो. दार उघडताना बिजागरीपासून लांब ढकललं तर जोर जास्त मिळतो ना, तसाच इथे पाण्याला जोर जास्त मिळतो आणि टिलर दगडासारखा जड होतो. होडीचा तोल ठीक असतो, जड असतो तो फक्त दांडा. यावर काठी हलवली तर चांगला तोलही बिघडतो.

म्हणून आधी हे तपासा :

१. दोन्ही पाती पूर्ण खाली येऊन खटका बसलाय का? पात्याची पुढची कड बिजागरीच्या रेषेत, जवळपास उभी हवी.

२. दोन्ही सुकाणू एकमेकांना समांतर आहेत का? पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपने मोजा. दोन्ही सारखं यायला हवं.

३. मोठं शीड गरजेपेक्षा जास्त ओढून धरलंय का? त्याने वाऱ्याकडची ओढ वाढते. लहान शीड ढिलं असेल किंवा लावलंच नसेल तरी ओढ वाढते.

४. माणसं कुठे बसली आहेत? फार पुढे बसलं की हलांची टोकं पाण्यात दबतात, रोध पुढे येतो आणि होडी वाऱ्याकडे जास्त वळते. हातभर मागे सरकून बघा. खर्च शून्य.

हे चारही ठीक असेल आणि तरी तोल बरोबर नसेल, तरच काठीकडे या.

काठीचा झुकाव कसा मोजायचा

गवंड्याकडे असतात ती दोनच साधनं लागतात : पाणसळ आणि ओळंबा.

सकाळी वारा नसताना होडी सपाट जागी घ्या. हलावर पाणसळ ठेवून खाली लाकडाच्या पाचरी सरकवत होडी समपातळीत आणा. मोठं शीड चढवायची दोरी काठीच्या टोकावरून येते, तिच्या टोकाला वजन बांधा. भरलेली पाण्याची बाटली चालते. दोरी काठीच्या मागे मोकळी लोंबू द्या. काठीच्या बुडापासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. ८ मीटरच्या काठीला दर १४ सेंटीमीटरला साधारण एक अंश.

दुसरी रीत शर्यतवाले वापरतात. बाजूला लटकायची ट्रॅपीझची तार पुढे नेऊन पुढच्या तारेचा जोड हलाला जिथे मिळतो तिथे टेकवायची. तारेची तेवढी लांबी चिमटीत धरायची आणि तीच मागे हलाच्या कडेला आणायची. जिथे टेकते तिथे खूण. काठी जास्त झुकलेली असेल तर खूण मागे जाते. सपाट जागा नसली तरी ही रीत चालते, म्हणून काठावर हीच सोयीची. दोन्ही बाजूंनी मोजा. खुणा वेगळ्या आल्या तर काठी एका अंगाला कललेली आहे, आधी ते सुधारा.

बदल कसा करायचा

तारांच्या खाली भोकांची पट्टी असते. पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायची. पुढची तार लांब केली की काठी मागे जाते, आखूड केली की पुढे येते. पुढच्या तारेत सेंटीमीटरभर फरक केला तरी वरचं टोक त्याच्या कित्येक पट सरकतं. त्यामुळे एका वेळी एकच भोक.

बाजूच्या तारा काठीच्या थोड्या मागे बांधलेल्या असतात. काठी मागे गेली की त्या ढिल्या पडतात. त्या दोन्हीकडे सारख्याच भोकांनी आवळाव्या लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचं : पिन काढण्याआधी काठीला दुसरा आधार द्या. लहान शिडाची वर चढवायची दोरी पुढे आणून दोन्ही हलांच्या जोडावर घट्ट बांधा, आणि एक माणूस काठीजवळ उभा ठेवा. एकट्याने हे काम करू नये. आठ मीटरची काठी पिन निघताच खाली येते, आणि खाली बहुधा आपलंच डोकं असतं.

काठी मागे नेण्यालाही मर्यादा आहे. काठी झुकली की मोठ्या शिडाचा मागचा कोपरा खाली येतो. दोरीच्या वरच्या आणि खालच्या कप्प्या एकमेकींना भिडल्या तर शीड आणखी ओढताच येत नाही. कप्प्या भिडायच्या आत थांबा.

पाण्यावर परीक्षा

वारा मध्यम असावा. झाडाची पानं हलत राहतात, पाण्यावर बारीक लाटा आहेत, पण पांढरा फेस नाही, असा. वाऱ्याकडे जितकं तिरकं जाता येईल तितकं जा. शिडं नीट ओढा, माणसं जागेवर बसवा. मग टिलरवरची पकड ढिली करा आणि मनात पाच मोजा.

होडी हळूहळू वाऱ्याकडे वळली आणि शीड फडफडलं : बरोबर आहे. हात लावू नका.

दोन मोजायच्या आत गर्रकन वळली : काठी जास्त मागे आहे. पुढची तार एक भोक आखूड.

सरळच जात राहिली : एक भोक लांब.

वाऱ्यापासून दूर वळून पळायला लागली : लगेच टिलर धरा, काठावर या, काठी मागे घ्या. या अवस्थेत कोणालाही होडी चालवायला देऊ नका.

दोन्ही बाजूंनी, म्हणजे वारा उजवीकडून आणि डावीकडून घेऊन, परीक्षा करा. प्रत्येक वेळी वारा, भोक आणि निकाल वहीत लिहा. चार दिवसांत तुमच्या होडीची आणि तुमच्या पाण्याची खूण सापडते.

जोराचा वारा असेल तेव्हा अनुभवी मंडळी काठी थोडी जास्त मागे ठेवतात, कारण हलांची पुढची टोकं पाण्यात घुसून होडी पुढच्या पुढे उलटण्याची भीती कमी होते. पण तोल कितीही चांगला लावला तरी झोत आल्यावरचं पहिलं काम एकच : मोठ्या शिडाची दोरी सोडायची. चांगला तोल म्हणजे दोरी सोडायला मिळालेले दोन सेकंद.

हे विसरू नका

विजेच्या तारा : डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. काठावर काठी उभी करण्याआधी आणि होडी ढकलत नेण्याआधी वर बघा. उच्च दाबाच्या तारेला काठी लागली तर होडीला हात लावलेला कोणीही वाचणं कठीण. तारेखाली होडी जोडायचीच नाही.

परवानगी : भुशीचं धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं, आणि ते शिडाच्या होडीचं पाणी नाही. वळवण, शिरोटा, ठोकरवाडी ही धरणं टाटा पॉवरची, पवना जलसंपदा विभागाची. ज्याचं पाणी त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय होडी उतरवू नका. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, हेही ध्यानात असू द्या.

लाइफ जॅकेट : प्रत्येकाला, काठापासूनच. पोहता येणाऱ्यालाही.

दुसरी होडी : परीक्षेच्या दिवशी इंजिनची किंवा वल्ह्याची एक होडी जवळ हवी.

उलटली तर : होडी सोडून पोहत जाऊ नका. होडीला धरून राहा, ती तरंगते. तोंड वाऱ्याकडे करा, खालच्या हलावर उभे राहा, वरच्या हलावरून घेतलेली दोरी धरून मागे झुका. हलक्या वजनाच्या एकट्या माणसाला हे जमत नाही, म्हणून दोघं असावेत. धरणात पाणी उथळ असेल तर काठीचं टोक गाळात रुततं. मग जोर लावत बसू नका, मदत बोलवा.

पावसाळा : जून ते सप्टेंबर घाटमाथ्याच्या पाण्यात लहान शिडाची होडी नको. शिकायला पावसाळ्यानंतरचे महिने बरे. धरण भरलेलं असतं, वारा सौम्य असतो आणि सुकाणूला ठोकरही कमी बसते.

जुनी होडी विकत घेणार असाल तर रंग, शिडाचं कापड आणि किंमत बघण्याआधी मालकाला एक चक्कर मारायला सांगा आणि पाण्यावर टिलर सोडून बघा. होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबली तरच पुढचं बोला.